काळ्या दगडाचे लेणे

'मुलामा' हा शब्द मराठीत कधीच निर्दोष नव्हता. पितळेवर सोन्याचा मुलामा, बोलण्यावर गोडव्याचा मुलामा. ज्याला मुलामा चढवावा लागतो त्याच्या आत काही तरी उणे असले पाहिजे, हा संशय त्या शब्दाच्या पोटातच आहे. 'झिलई'चेही तसेच. एखाद्या कवितेला झिलई आहे असे समीक्षक लिहितो तेव्हा ती स्तुती नसते. ह्याउलट 'लेणे' हा शब्द पाहा. अंगावर घालायचा दागिना तेही लेणे, आणि डोंगराच्या पोटात कोरून काढलेले वेरूळ-अजिंठ्याचे विहार तीही लेणीच. एका अर्थी वरून चढवलेली शोभा. दुसऱ्या अर्थी वरून काहीही न चढवता, आतले नको ते काढून टाकून मिळवलेली. दोन परस्परविरोधी कल्पना एकाच शब्दात सुखाने नांदताना फार क्वचित दिसतात.

ह्या शब्दांची आठवण व्हायला कारण झाली ती एक वस्तू. तिला फ्रेंचमध्ये 'लाव्ह एमाये' म्हणतात: ज्वालामुखीच्या दगडाची फरशी, आणि तिच्यावर भट्टीत भाजून बसवलेली रंगीत काच. आज ही वस्तू प्रामुख्याने उंची हॉटेलांच्या स्वागतकक्षांत, उपाहारगृहांच्या काउंटरांवर, दुकानांच्या भिंतींवर आणि श्रीमंत स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर दिसते. अंतर्गत सजावटीची गुळगुळीत कागदाची मासिके तिचे वर्णन 'कालातीत', 'अस्सल' वगैरे विशेषणांनी करतात. हे शब्द इतके झिजलेले आहेत की त्यांच्या आड काही इतिहास असेल अशी शंकासुद्धा येत नाही. इतिहास मात्र आहे, आणि तो सुमारे दोनशे वर्षांचा आहे. त्यात एक व्यासंगी आणि हट्टी वास्तुशास्त्रज्ञ आहे, ग्रीक देवळे पांढरी होती की रंगीत ह्यावरचा एक कडाक्याचा वाद आहे, आणि चर्चच्या दर्शनी भिंतीवरून काढून टाकलेले आदम आणि ईव्ह आहेत. आपल्या शब्दांत सांगायचे तर सारा वाद एकाच प्रश्नाचा आहे: दगडावरचा रंग हा मुलामा की लेणे?

सुरुवात दगडापासूनच केली पाहिजे. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य प्रांतात क्लेर्मों-फेराँ शहराच्या उत्तरेला व्होल्विक नावाचे गाव आहे. बाटलीबंद पाण्यामुळे हे नाव आज जगभर पोचले आहे. पण पाण्याआधी कित्येक शतके ते दगडासाठी प्रसिद्ध होते. हा दगड करडा-काळा, सच्छिद्र, आणि टणक असूनही छिन्नीला वश होणारा. क्लेर्मों-फेराँचे कॅथीड्रल ह्याच दगडाचे. त्याचे बांधकाम १२४८ साली सुरू झाले. फ्रान्समधली इतर बहुतेक गॉथिक कॅथीड्रले मधाळ किंवा पांढुरक्या चुनखडीची. हे मात्र काजळासारखे काळे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात वाढलेल्या माणसाला त्यात परके वाटण्यासारखे काही नाही, पण उत्तरेकडून येणाऱ्या फ्रेंच प्रवाशाला ते अजूनही दचकवते.

गंमत अशी की पाचशे वर्षे हा दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या आणि त्याच्या छायेत प्रार्थना करणाऱ्या लोकांना तो कुठून आला हे ठाऊक नव्हते. १७५१ साली झाँ-एत्येन गेतार हा निसर्गाभ्यासक आपला मित्र माल्झेर्ब ह्याच्याबरोबर त्या बाजूने प्रवास करीत होता. (हा माल्झेर्ब म्हणजे सरकारी ग्रंथनियंत्रणाच्या खुर्चीत बसून दिदरोच्या ज्ञानकोशाला सांभाळून घेणारा, आणि पुढे सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेऊन अखेर गिलोटिनवर गेलेला गृहस्थ. साहित्याच्या इतिहासात त्याला एक ओळ तरी मिळायला हवी.) मूलँ गावात गेतारला रस्त्यावरचे काळे मैलाचे दगड दिसले. हा दगड ज्वालामुखीचा आहे हे त्याने ओळखले, तो कुठून येतो ह्याची चौकशी केली, आणि माग काढत तो व्होल्विकला पोचला. १७५२ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला आपला निबंध सादर केला: ओव्हेर्न्यचे हे डोंगर विझलेले ज्वालामुखी आहेत. फ्रान्सच्या भूमीवर ज्वालामुखी! त्या काळी ते विधान थेट कादंबरीत शोभणारे होते. व्होल्विकचा दगड 'प्युई द ला न्यूझेर' ह्या ज्वालामुखीच्या रसाच्या प्रवाहातला. भूशास्त्राच्या हिशेबाने तो अगदी कालचा, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांहून अधिक जुना.

दगड अग्नीतून आला आहे, ही माहिती पुढच्या कथेत कळीची ठरते. दगडावर काच भाजायची तर भट्टी साधारणपणे ९०० ते १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. ह्या परीक्षेत बहुतेक नामवंत दगड नापास होतात. संगमरवर आणि चुनखडी ह्यांतला कर्बवायू ह्या उष्णतेला निघून जातो आणि उरतो तो चुना. म्हणजे पुतळा भट्टीत घालावा आणि पानाला लावायला चुना काढावा, अशी गत. ग्रॅनाइटचे दुखणे वेगळे. त्यातले गारेचे स्फटिक ५७३ अंशांना आपली रचना बदलतात, एकदम फुगतात, आणि दगड तडकतो. व्होल्विकचा दगड एकदा ह्याहून मोठ्या आगीतून गेलेला असल्यामुळे दुसऱ्यांदा भट्टीत जाताना त्याला घालवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. त्याच्या अंगभर बारीक छिद्रे असतात. ती उष्णतेचा ताण सामावून घेतात आणि वितळलेल्या काचेला धरून ठेवायला जागाही देतात. एनॅमल म्हणजे तरी काय? धातूंच्या भस्मांनी रंगवलेली काच. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा पिवळा ते तपकिरी, मँगनीजचा जांभळा. हे रंग पृष्ठभागावर बसत नाहीत. ते वितळून दगडाच्या छिद्रांत उतरतात आणि तिथे थिजतात. मम्मटाने गुण आणि अलंकार ह्यांतला भेद सांगताना गुणांना आत्म्याच्या शौर्याची उपमा दिली आणि अलंकारांना हाराची. हार काढून ठेवता येतो. भाजलेला रंग काढायचा तर दगडच फोडावा लागतो. तेव्हा ह्या रंगाला कोणत्या वर्गात घालायचे, हा प्रश्न काव्यशास्त्राच्या तासाला विचारण्यासारखा आहे.

ही युक्ती १८२७ च्या सुमारास पॅरिसमध्ये सिद्ध झाली. फेर्दिनाँ मोर्तलेक हा चिनी मातीवर आणि काचेवर वापरायच्या रंगांचा जाणकार; व्होल्विकच्या फरशीवर एनॅमलचे रंग टिकाऊपणे भाजता येतात हे त्याने दाखवून दिले. हा दगड पॅरिसमध्ये येण्यामागे आणखी एक माणूस होता. गास्पार द शाब्रोल हा १८१२ ते १८३० ह्या काळात सेन विभागाचा, म्हणजे व्यवहारात पॅरिस शहराचा, प्रीफेक्ट होता. तरुणपणी नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत अभियंता म्हणून गेलेला हा माणूस मूळचा व्होल्विकच्या शेजारच्या रियों गावचा, आणि 'शाब्रोल द व्होल्विक' हेच नाव लावणारा. आपल्या मुलखाचा दगड राजधानीत खपावा म्हणून त्याने पुष्कळ खटपट केली. पॅरिसच्या पदपथांना व्होल्विकच्या फरश्या लावल्या, आणि व्होल्विकमध्ये पाथरवटांच्या मुलांसाठी शाळा काढली. गावाचा अभिमान आणि सरकारी कंत्राट ह्यांची ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. इथे तिच्यातून निदान शाळा तरी उभी राहिली.

पण खटपटी अधिकारी आणि हुशार कारागीर मिळून फार तर एक नवा माल तयार होतो. त्याला विचाराचे बळ दिले ते याकोब इग्नात्स हिटॉर्फ ह्याने. जन्माने कोलोनचा, कर्माने पॅरिसचा. आज पॅरिसच्या उत्तर स्टेशनाचा वास्तुकार म्हणून तो ओळखला जातो. प्लास द ला काँकॉर्दवरची कारंजीही त्याचीच. १८२२ ते १८२४ ह्या काळात तो सिसिलीच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या ग्रीक देवळांच्या अवशेषांवर त्याला गिलाव्याचे आणि रंगाचे अंश आढळले. परत आला तो एक ठाम मत घेऊन: ग्रीक वास्तुकला पांढरी नव्हतीच. ती आपादमस्तक रंगीत होती.

ह्या एका वाक्याने केवढे वादळ उठले असेल ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. विंकेलमानचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ साली प्रसिद्ध झाला होता, आणि तेव्हापासून युरोपच्या सुसंस्कृत मनात ग्रीस म्हणजे शुभ्र संगमरवर हे समीकरण घट्ट बसले होते. विंकेलमान स्वतः कधी ग्रीसला गेला नव्हता. त्याने पाहिली ती मुख्यतः रोममधली शिल्पे, त्यांतलीही पुष्कळशी रोमन प्रतिकृती. पण आदर्श तयार व्हायला प्रवासाची गरज नसते. पांढरा रंग म्हणजे विवेक, संयम, अभिजातता. भडक रंग म्हणजे पूर्वेकडचे, रानटी, स्त्रैण, बाजारी. ह्या समीकरणांच्या उजव्या बाजूला आपण बसवले गेलो होतो हे लक्षात घेतले म्हणजे हा वाद केवळ फ्रेंच वास्तुकारांचा घरगुती राहत नाही. कात्रमेर द कँसी ह्याने १८१५ च्या सुमारासच ग्रीकांच्या सोन्या-हस्तिदंताच्या रंगीत मूर्तींविषयी मोठा ग्रंथ लिहून ह्या पांढऱ्या भिंतीला पहिली भेग पाडली होती. हिटॉर्फने सबंध देऊळच रंगवून दाखवले. सेलिनुन्ते इथल्या एका लहानशा देवळाची पुनर्रचना त्याने कागदावर केली. निळे, तांबडे, पिवळे. कुठे इंचभर जागा कोरी नाही. ह्या देवळावरचा त्याचा ग्रंथ १८५१ साली आला. दरम्यान राउल-रोशेतसारख्या पुरातत्त्वज्ञांशी त्याचे वर्षानुवर्षे शाब्दिक युद्ध चालू होते, आणि तिकडे जर्मनीत गॉटफ्रीड झेम्परने १८३४ मध्ये रंगाच्या बाजूने आपली पुस्तिका काढली होती.

हिटॉर्फने पुराव्याच्या मानाने फार जास्त रंग भरला, असे माझे मत आहे. चार ठिकाणचे चार तुकडे जुळवून त्याने एक संपूर्ण देऊळ उभे केले, आणि मोकळ्या जागा स्वतःच्या हौसेने भरल्या. पण मूळ मुद्दा त्याचाच खरा ठरला. ग्रीक देवळे आणि मूर्ती रंगीत होत्या ह्याबद्दल आज अभ्यासकांत दुमत नाही. भरमसाट कल्पनेचा माणूस बरोबर आणि काटेकोर सावध माणसे चूक, असा निकाल ज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून लागतो आणि शिक्षकांची पंचाईत करतो.

हिटॉर्फला मात्र ग्रंथ लिहून समाधान होणारे नव्हते. ग्रीक रंगीत बांधत होते तर आपणही रंगीत बांधले पाहिजे. अडचण पॅरिसच्या हवेची होती. तैलरंग बाहेरच्या भिंतीवर चार पावसाळे काढत नाहीत, आणि ओल्या गिलाव्यावरची चित्रे तर त्याहून नाजूक. मोर्तलेकचा भाजलेला दगड हे त्याच्या प्रार्थनेला मिळालेले उत्तरच होते. मोर्तलेकचा जावई आशेत ह्याने ह्या धंद्यासाठी कंपनी काढली तेव्हा हिटॉर्फ तिच्याशी जोडला गेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून ह्या वस्तूच्या एका हातात सिद्धान्त होता आणि दुसऱ्या हातात हिशेबाची वही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे ही कला 'बाजारात गेली' म्हणून हळहळणारे ती बाजारातच जन्मली हे विसरतात.

परीक्षेची जागा ठरली ती सँ-व्हँसाँ-द-पोल हे चर्च. हिटॉर्फचे सासरे लपेर ह्यांनी १८२४ मध्ये त्याचे काम सुरू केले, हिटॉर्फने ते पुढे नेले आणि १८४४ मध्ये चर्च उघडले. उंच पायऱ्या, ग्रीक देवळासारखे स्तंभ, आणि त्या स्तंभांमागच्या भिंतीवर ज्वालामुखीच्या दगडावर भाजलेली भव्य रंगीत चित्रे, अशी योजना. चित्रकार होता झ्यूल झोलिव्हे. दारावरचे त्रिमूर्तीचे चित्र १८४६ च्या सुमारास तयार झाले. बाकीची चित्रे बसायला १८६० उजाडले. त्यांत बायबलच्या आरंभीचे प्रसंग होते. आदम आणि ईव्ह तिथे ओघानेच आले, आणि ओघानेच विवस्त्र आले.

ह्या चित्रांना पाऊस, धुके, धूर, ऊन ह्यांपैकी कशाचेही भय नव्हते. त्यांचा शोधच मुळी त्यासाठी लागला होता. भय निघाले ते शेजाऱ्यांचे. रस्त्यावरून, चर्चच्या पायऱ्यांवरून, येताजाता ही नग्न शरीरे दिसतात, अशा तक्रारी झाल्या. धर्मगुरू नाराज होते, भाविक नाराज होते. वर्षभरात, १८६१ मध्ये, ऑस्मानच्या कारकिर्दीत, चित्रे भिंतीवरून उतरवली गेली. चर्चच्या आत इपोलित फ्लांद्रँने रंगवलेली संतांची लांबच लांब मिरवणूक होती. ती सवस्त्र होती, आणि ती राहिली. म्हणजे रंगाला आक्षेप नव्हता, चित्राला आक्षेप नव्हता. उघड्यावर, रस्त्याच्या तोंडाशी, पुसता न येणाऱ्या रंगात शरीर दाखवण्याला होता. फिकट होत जाणारे चित्र असते तर कदाचित लोकांनी काळावर भरवसा ठेवून डोळेझाक केली असती. हे चित्र कधीच फिकट होणार नाही, हीच त्याच्याविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार असावी, असे मला वाटते.

झोलिव्हे गप्प बसला नाही. त्याच वर्षी त्याने चर्चच्या बाहेरच्या भिंतींवरील धार्मिक चित्रकलेविषयी एक पुस्तिका छापून आपली बाजू मांडली. कलावंताच्या तक्रारीच्या वाङ्मयात तिची गणना व्हावी. पण तिचा उपयोग झाला नाही. चित्रे गोदामात गेली. हिटॉर्फ १८६७ मध्ये वारला, झोलिव्हे १८७१ मध्ये. फळ्या तशाच पडून राहिल्या, सुमारे दीडशे वर्षे. मग २००९ ते २०११ ह्या काळात त्या पुन्हा चर्चच्या भिंतीवर आपापल्या जागी लावण्यात आल्या. ह्यावेळी ईव्हकडे पाहून कोणी फारसे दचकले नाही. रंग होते तसेच होते. बदलले होते ते पायऱ्या चढणारे लोक.

हिटॉर्फच्या स्वप्नाचा असा मुखभंग झाला, तरी दगड पॅरिसमधून गेला नाही. तो भिंतीच्या मध्यभागातून कोपऱ्यावर सरकला. पॅरिसच्या रस्त्यांच्या नावांचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच सांगतो की १७२८ मध्ये पत्र्यावर नावे लिहून लावण्याचा हुकूम निघाला, पत्रा टिकेना म्हणून लगेच पुढच्या वर्षी ती दगडात कोरण्याचा निघाला, आणि नेपोलियनच्या काळात, घरांना क्रमांक मिळाले त्या सुमारास, ती तैलरंगाने भिंतीवर रंगवली गेली. १८४४ मध्ये प्रीफेक्ट राँब्युतोने व्होल्विकच्या भाजलेल्या दगडाच्या पाट्या आणल्या. निळी जमीन, पांढरी अक्षरे. यूजेन स्यूची 'पॅरिसची रहस्ये' १८४२-४३ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः येऊन गेली होती, शहरच कादंबरीचा नायक होऊ लागले होते, आणि त्याच वेळी शहराला न पुसणारी अक्षरे मिळत होती. पुढे ऑस्मानच्या तोडफोडीत पाट्या शाबूत आणि गल्ल्या नाहीशा, असेही घडले असणार. नंतरच्या पाट्या मुख्यतः एनॅमल केलेल्या लोखंडी पत्र्याच्या झाल्या. पण निळ्यावर पांढरे हे रूप दगडाने घालून दिलेले. आपल्याकडच्या शहरांतूनही जुन्या निळ्या एनॅमलच्या पाट्या पाहिलेल्यांना ते परके वाटू नये.

झोलिव्हेने स्वतःचे घर सिते मालझेर्बमध्ये १८५० च्या दशकात बांधून घेतले, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर आपल्या ह्याच कलेची उधळण केली. चर्चने नाकारले तरी घराने स्वीकारले होते. प्रयोगशाळांच्या ओट्यांसाठीही ही फरशी नावाजली गेली, कारण आम्ले तिला खात नाहीत. डोंगरमाथ्यावर उभे राहून समोरचे शिखर कोणते हे पाहण्यासाठी फ्रान्समध्ये जागोजाग गोलाकार दिशादर्शक मेजे असतात. त्यांतली पुष्कळशी भाजलेल्या लाव्हाचीच. आणि क्लेर्मों-फेराँच्या मिशेलिन कंपनीने, टायर खपायचे तर लोक मोटारीने भटकले पाहिजेत आणि भटकायचे तर चुकता कामा नये ह्या सरळ व्यापारी तर्काने, काँक्रीटच्या खांबांवर ह्याच दगडाच्या पाट्या बसवून फ्रान्सच्या चौरस्त्यांना नावे दिली. त्यांचे उत्पादन १९७१ पर्यंत चालले. कित्येक खांब अजून उभे आहेत.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने, म्हणजे दुकान आणि पेढी सजवण्याच्या दृष्टीने, खरे वळण येते ते एक्तोर गिमारच्या वेळी. उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात लुई क्वालियो नावाचा चिनी मातीच्या मालाचा व्यापारी होता. १८९८ ते १९०० ह्या काळात गिमारने त्याच्यासाठी एक इमारत बांधली: खाली दुकान, वर बिऱ्हाड. तिची दर्शनी बाजू हिरव्या-पिवळसर भाजलेल्या लाव्हाने मढवलेली आहे. आजूबाजूच्या सरळमार्गी घरांच्या रांगेत हे घर एखाद्या गाण्यातल्या अचानक आलेल्या तानेसारखे वळसे घेते. इथे दगडावर चित्र नाही. आदम नाही, संत नाही, अक्षरेही बेताचीच. दगडाचा ठोकळा स्वतःच वळलेला, कोरलेला, आणि मग रंगाच्या काचेत बुडवलेला. चर्चमध्ये लाव्हा ही चित्राची पाठ होती. दगड आहे हे प्रेक्षकाने विसरावे अशीच अपेक्षा होती. क्वालियोच्या दुकानात प्रथमच दगड आणि रंग ह्यांची एकच वस्तू झाली. शिवाय माल विकणाऱ्याने आपल्या मालाच्या जातीचीच भिंत उभी केली. जाहिरात आणि वास्तू ह्यांत फट उरली नाही. व्यापारी सजावटीविषयी आपल्या मनात जो तुच्छताभाव असतो तो ह्या घरासमोर टिकत नाही, असे मी म्हणेन. १९७७ पासून ही इमारत संरक्षित वास्तू आहे.

त्याच सुमारास, १९०० मध्ये, पॅरिसची भुयारी रेल्वे सुरू झाली. गिमारच्या प्रवेशद्वारांवरील 'मेत्रोपोलितँ' ही वेलांटीदार अक्षरे भाजलेल्या लाव्हावर आली. पोर्त दोफीन स्थानकाच्या काचेच्या छपराखालच्या भिंती तर आतून नारिंगी लाव्हाच्या फरश्यांनी मढवलेल्या आहेत. तीन-चार मिनिटे थांबून खाली उतरून जाणाऱ्या माणसासाठी एवढा खर्च! पुढे अभिरुची फिरली, ही दारे जुनाट आणि हास्यास्पद ठरली, अनेक पाडली गेली. बास्तीयचा मोठा मंडप १९६२ मध्ये नाहीसा झाला. उरलेल्यांना सरसकट संरक्षण मिळाले ते १९७८ मध्ये. सँ-व्हँसाँ-द-पोलची गोष्ट इथे पुन्हा घडली, फक्त ह्यावेळी कारण नीतीचे नव्हते, फॅशनचे होते.

आजच्या हॉटेलातल्या काउंटरकडे ह्या वाटेने आले म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. प्रयोगशाळेच्या ओट्याला जे गुण लागतात तेच बारच्या काउंटरला लागतात: गरम भांडे, सांडलेली वाइन, लिंबाचा रस. संगमरवरावर लिंबू पडले की तिथला तुकतुकीतपणा कायमचा जातो. लाव्हाच्या काचेला ते कळतही नाही. आजही काम पूर्वीसारखेच होते. दगड कापायचा, घासायचा, लागतील ती भोके आणि गोलाई आधीच करून घ्यायची, मग काचेची पूड ओतायची किंवा फवारायची आणि भाजायचे. एकदा भाजल्यावर बदल नाही. नळाचे भोक बोटभर चुकले तर फरशी फुकट. घाईच्या धंद्यात हा दगड सजावटकाराला आधी विचार करायला लावतो. दोन भट्ट्यांतून निघालेला निळा तंतोतंत एक येत नाही, म्हणून सबंध काउंटरचे तुकडे एकदम भाजावे लागतात.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी झोलिव्हेला खपली नसती. भट्टी थंड होताना काच दगडापेक्षा जास्त आकसते आणि तिच्यात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. चेहरा रंगवणाऱ्या चित्रकाराला ही जाळी म्हणजे संकट. आजचा सजावटकार मात्र तिच्यासाठीच पैसे मोजतो. जाळीमुळे रंगाच्या खाली काही तरी श्वास घेते आहे असे वाटते, आणि कारखान्यातल्या प्लास्टिकच्या पत्र्याला ही नक्कल नीट साधत नाही. जो दोष लपवण्यात एका पिढीचे कौशल्य खर्च झाले तो पुढच्या पिढीत खरेपणाचा दाखला ठरतो. मुक्तछंदाचा इतिहास शिकवणाऱ्यांना ह्याचे नवल वाटू नये. ह्या दगडाचा वाईट वापरही भरपूर दिसतो. छतापासून जमिनीपर्यंत एकाच तकाकीच्या रंगाने खोली मढवली की दगड, फरशी आणि रंगवलेला पुठ्ठा ह्यांत डोळ्याला फरक करता येत नाही. मग तो मुलामाच. जिथे कडेची जाडी उघडी ठेवलेली असते, काचेचा रंग कुठे संपतो आणि करडा सच्छिद्र दगड कुठे सुरू होतो हे हाताला लागते, तिथे काम साधले आहे असे समजावे.

हिटॉर्फच्या वादाकडे आपण दुरून पाहतो आणि पांढऱ्या ग्रीसवर श्रद्धा ठेवणाऱ्या पंडितांना हसतो. पण वेरूळचे कैलास मंदिर आपण कोणत्या रंगाचे समजतो? काळे. शालेय सहलींपासून आपल्या डोळ्यांपुढे आहे तो काळा कातळ, आणि त्याच्या निरलंकृत भव्यतेवर आपण निबंध लिहिले आहेत. ह्या मंदिरावर एके काळी गिलावा होता, तो रंगवलेला होता, आणि म्हणूनच लोकांनी त्याला 'रंगमहाल' हे नाव दिले होते. गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे आजही कोनाकोपऱ्यांत दिसतात. अजिंठ्यालाही चित्रे कातळावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर आहेत. गिलावा सुटला की चित्र गेले. आपल्या कारागिरांनी आगीतून आलेल्या दगडाला पुन्हा आग दाखवली नाही. त्यांनी डोंगर जागच्या जागी कोरला, आणि डोंगर भट्टीत घालता येत नाही.

माझ्या लहानपणी घरात एनॅमलचा एक पांढरा टमरेल होता, निळ्या काठाचा. काठाला टवका उडाला होता आणि तिथे लोखंड काळे पडून मग गंजत गेले. अखेर बूड गळू लागले. लाव्हाच्या फरशीलाही जड भांडे आपटले तर टवका उडतो. खाली दिसतो तो करडा दगड. तो गंजत नाही, आणि टवक्याच्या शेजारची काच जागची हलत नाही.